उशाशी बंदूक, बंदुकीला कुलूप

1783 च्या मार्च महिन्यात मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने खास बॉस्टन शहरासाठी एक कायदा केला. शहरातल्या कुठल्याही घरात, तबेल्यात, गोदामात किंवा दुकानात बार भरलेली बंदूक न्यायची नाही. नेली तर दहा पौंड दंड. बंदुकीच्या पंगतीला कायद्याने तोफा आणि उखळी तोफाही बसवल्या होत्या. कारण सुरुवातीलाच सांगून टाकले होते: घराघरांत भरलेली शस्त्रे असली, तर आग विझवायला धावून येणाऱ्यांच्या जिवावर बेतते. बॉस्टन लाकडी घरांचे, दाटीवाटीचे शहर होते. 1760 च्या मार्चमधल्या एकाच आगीने तिथल्या 349 इमारती गिळल्या होत्या. जळत्या घरात बादली घेऊन शिरणाऱ्याला, आचेने बार उडालेल्या बंदुकीची गोळी लागण्याची भीती खरीच होती.

आणि तरीही या शहराला बंदूक घरात हवीच होती. नऊच वर्षांनी, 1792 मध्ये, अमेरिकेच्या काँग्रेसने शिबंदीचा कायदा केला. 18 ते 45 वर्षांच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या नागरिकाने स्वतःच्या खर्चाने चांगली बंदूक, संगीन, दोन जादा गारगोट्या आणि किमान 24 काडतुसे मावतील अशी पेटी बाळगावी, असा हुकूम सुटला. म्हणजे बंदूक घरात असलीच पाहिजे, पण बॉस्टनच्या घरात ती भरलेली असता कामा नये. यात विसंगती वाटते खरी. त्या काळच्या लोकांना मात्र ती फारशी वाटत नसावी. शत्रू येणार तो वर्दी देऊन. चर्चच्या घंटा वाजतील, घोडेस्वार गावोगाव ओरडत जातील, मग बार भरायला वेळच वेळ. 1 सप्टेंबर 1774 रोजी ब्रिटिश सैनिकांनी आजच्या सॉमरव्हिलमधल्या दगडी दारूखान्यातून बंदुकीच्या दारूची 250 अर्धी पिंपे उचलून नेली, तेव्हा ही बातमी पसरायचा अवकाश, हजारो माणसे खांद्यावर बंदुका टाकून केंब्रिजच्या दिशेने निघाली. तो दारूखाना अजून उभा आहे.

मोठा साठा अशा सरकारी दारूखान्यात आणि घरात थोडीच दारू, ही वाटणी बहुतेक शहरांनी मान्य केली होती. न्यूयॉर्कच्या 1784 च्या कायद्याने घरात 28 पौंडांपर्यंत दारू ठेवायला मुभा दिली, तीही चार वेगवेगळ्या भांड्यांत विभागून. फिलाडेल्फियात 30 पौंडांची मर्यादा होती, आणि काही गावांत दारू घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर ठेवायची होती. स्फोट झालाच तर छप्पर उडेल, खालची माणसे वाचतील, असा हा रोकडा हिशेब.

बॉस्टनकरांच्या घरांत तेव्हा काय काय होते, याची एक चोख नोंद उपलब्ध आहे. एप्रिल 1775 मध्ये लेक्सिंग्टन आणि काँकॉर्डला स्वातंत्र्ययुद्धाची ठिणगी पडली आणि बॉस्टन वेढ्यात सापडले. शहर सोडून जायचे असेल तर शस्त्रे जमा करा, असे ब्रिटिश सेनापती जनरल गेज यांनी रहिवाशांना सांगितले. लोकांनी फॅन्युइल हॉलमध्ये 1778 बंदुका, 634 पिस्तुले, 973 संगिनी आणि 38 रुंद तोंडाच्या आखूड बंदुका आणून ठेवल्या. नंतर गेज यांनी शहराबाहेर जाण्याचे परवाने आवळले आणि जमा करणारे हात चोळत बसले. निवडणुकीच्या तोंडावर आपल्याकडे परवानाधारक पोलीस ठाण्यात बंदूक जमा करतो, तेव्हा तो निकालानंतर ती परत मिळेल या भरवशावर असतो. बॉस्टनच्या लोकांचा तो भरवसा तेव्हा उडाला आणि सरकारच्या ताब्यात शस्त्र देण्याबद्दलचा अमेरिकी संशय अशा प्रसंगांवरच पोसला गेला.

भरलेल्या बंदुकीचा प्रश्न त्या काळी फार तापला नाही, याचे श्रेय मात्र कायद्याइतकेच ठासणीच्या बंदुकीलाही द्यायला हवे. ती चालवायची म्हणजे कागदी काडतूस दातांनी फाडायचे, थोडी रंजक कानापाशी टाकायची, उरलेली दारू नळीत ओतायची, वरून गोळी आणि कागद, मग गजाने ठासायचे, गज परत जागी लावायचा आणि तेव्हा कुठे नेम. कवायतीत मुरलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी; शेतकऱ्याला याहून जास्त वेळ लागणार हे उघड आहे. बरे, भरून ठेवावी तर काळी दारू हवेतला ओलावा शोषते, बार फुसका निघतो, नळी गंजते. एकदा ठासलेला बार परत काढणे हाही एक उद्योगच. पुष्कळदा हवेत उडवून मोकळे होणे सोपे. म्हणून बंदूक कोरडी राहावी अशा जागी, बहुधा चुलाणावर, रिकामी टांगलेली असे. हत्यांच्या इतिहासाचे अभ्यासक रँडॉल्फ रॉथ तर असे दाखवतात, की ठासणीच्या काळात घरगुती भांडणांतल्या खुनांत बंदूक कमी दिसते, कारण ती भरेपर्यंत डोके थंड व्हायला वेळ मिळे.

हे सारे चित्र पालटले ते धातूच्या काडतुसाने. 1857 मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने आपले पहिले रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. इवलीशी काडतुसे, एकावेळी सात. धातूच्या टोपणात बंद दारू सर्दावत नाही. आज भरून खणात ठेवलेले रिव्हॉल्व्हर वर्षभराने काढले तरी चालणार. भरलेली बंदूक ही काही क्षणांची अवस्था होती, ती आता कायमची झाली. राखणीला कोणाला जागे राहायला नको, घंटा वाजायला नको. बंदूक चुलाणावरून उतरली आणि उशाखाली, कपाटात, पलंगाशेजारच्या खणात गेली. त्या घरात रांगणारी, चालणारी, खण उघडणारी मुलेही होतीच.

कारखानदारांना हे कळायला फार वेळ लागला नाही. डॅनियल वेसन यांनी म्हणे एका लहान मुलाला रिव्हॉल्व्हरने झालेल्या अपघाताची हकीकत ऐकली आणि कामाला लागले. ही कंपनीची आवडती दंतकथा. खरी असो वा नसो, 1887 मध्ये त्यांचे बिनघोड्याचे ‘सेफ्टी’ रिव्हॉल्व्हर आले. मुठीच्या मागच्या अंगाला एक पट्टी. ती तळव्याने दाबून धरल्याशिवाय चाप ओढता येत नाही, आणि चापही चांगला जड. आठ वर्षांच्या आतल्या सर्वसाधारण मुलाला हे झेपणार नाही, अशी कंपनीची ग्वाही होती. लोकांनी त्या पिस्तुलाला लिंबू पिळायच्या यंत्राचे नाव दिले. कल्पना खरोखर हुशारीची होती: कुलूपही नको, किल्लीही नको, मोठ्या माणसाचा पंजा हीच किल्ली. पण नऊ वर्षांच्या मुलाचे काय, हा प्रश्न जाहिरातीत येत नाही.

याहून धाडसी जाहिरात आयव्हर जॉन्सन कंपनीची. तिच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुरता ओढला तरच घोड्याचा ठोका काडतुसापर्यंत पोहोचे. हातोड्याने घोड्यावर घाव घातला तरी बार उडणार नाही, असे कंपनी छातीठोक सांगे, आणि त्या एका मर्यादेत ते खरेही होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या तिच्या एका जाहिरातीत झोपायच्या झग्यातली एक चिमुरडी अंथरुणात बसली आहे, शेजारी बाहुली, हातात रिव्हॉल्व्हर; आणि खाली मजकूर असा, की याने आपल्याला काही होणार नाही असे बाबांनी सांगितले आहे. चाप ओढला तर काय, हे बाबांनी सांगितलेले दिसत नाही. आज ते चित्र पाहताना अंगावर काटा येतो. त्या वेळी मासिकांतून ते खुशाल छापले जाई. याच कंपनीच्या याच जातीच्या रिव्हॉल्व्हरने सप्टेंबर 1901 मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या.

पुढची कित्येक दशके कायदा या प्रश्नाकडे फिरकला नाही. शिकारीच्या बंदुका दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात दिमाखात उभ्या असत. त्या कपाटाचा उपयोग पाहुण्यांना दाखवायला जास्त, राखणीला कमी. मग शतकाच्या उत्तरार्धात हेतूच बदलत गेला. 1999 च्या एका पाहणीत बंदूक बाळगणाऱ्या अमेरिकनांपैकी 49 टक्क्यांनी शिकार हे कारण दिले होते आणि 26 टक्क्यांनी संरक्षण. 2013 मध्ये प्यू संस्थेने हाच प्रश्न विचारला, तेव्हा संरक्षण म्हणणारे 48 टक्के निघाले. शिकारीची बंदूक हंगाम संपला की कुलपात घालायला कोणाची हरकत नसते. चोराची वाट पाहणाऱ्या बंदुकीला मात्र हंगाम नसतो.

1989 च्या जूनमध्ये फ्लोरिडात लहान मुलांच्या हाती बंदूक लागून काही दिवसांत एकामागून एक अपघात झाले आणि त्या राज्याने देशातला या प्रकारचा पहिला कायदा केला. मुलाच्या हाती भरलेली बंदूक पडेल अशी शक्यता असेल, तर ती कुलूपबंद पेटीत ठेवा किंवा चापाला कुलूप घाला. खरी गोम अपवादात आहे. बंदूक मालकाच्या अंगावर असेल, किंवा अंगावर असल्याइतक्याच चटकन हाती येईल इतकी जवळ असेल, तर कुलूप नको. जागा असलेला माणूस या अपवादात बसतो. झोपलेला माणूस बसतो का? खण हाताच्या अंतरावर आहे, पण डोळे मिटलेले आहेत. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने ही गाठ सोडवली नाही, आणि खरे तर ती कोणीच नीट सोडवलेली नाही.

दुसरे टोक वॉशिंग्टन शहराने गाठले होते. तिथे 1976 पासून पिस्तुलांना बंदी होती, आणि लांब बंदूक घरात ठेवायची तर रिकामी करून, सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून, असा नियम होता. डिक हेलर या सुरक्षारक्षकाने त्याला आव्हान दिले. दिवसभर सरकारी इमारतीच्या पहाऱ्यावर पिस्तूल घेऊन उभा राहणारा हा माणूस स्वतःच्या घरी मात्र ते ठेवू शकत नव्हता. 18 मार्च 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा शहराचे वकील वॉल्टर डेलिंजर यांनी सांगितले, की आकड्यांचे साधे कुलूप हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि आपण ते तीन सेकंदांत उघडले. त्यावर न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी आधी पलंगाशेजारचा दिवा लावण्याची आठवण करून दिली, आणि सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले, की मग वाचायचा चष्माही शोधायला हवा. न्यायालयात हशा पिकला. थट्टेत खटल्याचा गाभा आला होता: दिवसाउजेडी, निवांत, डोळ्याला चष्मा असलेल्या वकिलाचे तीन सेकंद आणि मध्यरात्री काच फुटल्याच्या आवाजाने दचकून उठलेल्या म्हाताऱ्याचे तीन सेकंद सारखे नसतात.

26 जून 2008 रोजी पाच विरुद्ध चार मतांनी हेलर जिंकले. बॉस्टनचा 1783 चा कायदा त्या निकालात सव्वादोनशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला. राज्यघटनेच्या पिढीलाही घरातल्या बंदुकीवर बंधने मान्य होती, असे न्यायमूर्ती ब्रायर यांनी अल्पमताच्या निकालपत्रात त्याच्या आधारे म्हटले. तो आगीपासूनच्या बचावाचा कायदा होता, स्वसंरक्षणासाठी बंदूक भरणाऱ्याला त्याने अडवले नसते, असे स्कॅलिया यांचे उत्तर. दोघेही थोडे थोडे बरोबर वाटतात. मात्र अपघात टाळण्यासाठी बंदूक कशी ठेवावी याचे नियम करायला आपली आडकाठी नाही, असेही बहुमताने लिहून ठेवले.

त्या फटीतून सॅन फ्रान्सिस्को शिरले. पिस्तूल अंगावर नसेल तेव्हा कुलूपबंद पेटीत किंवा चापाला कुलूप लावून ठेवावे, असा त्या शहराचा 2007 चा नियम होता. 2014 मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला. आधुनिक पेट्या काही सेकंदांत उघडतात, तेव्हा स्वसंरक्षणावरचा भार फार नाही, असे मत दिले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला, त्यावर न्यायमूर्ती थॉमस आणि स्कॅलिया यांनी नाराजी नोंदवली. दोन्ही बाजूंचे भांडण पुन्हा सेकंदांवरच आले होते.

कुलपांचा तुटवडा मात्र केव्हाच संपला होता. 2005 च्या एका संघीय कायद्याने पिस्तूल विकताना सोबत कुलूप देणे दुकानदारांना बंधनकारक केले. पण ते लावले जावे, हे कोण बघणार? 2015 च्या एका पाहणीवरून संशोधकांनी अंदाज बांधला, की सुमारे 46 लाख अमेरिकी मुले अशा घरांत राहतात जिथे निदान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर आहे. 30 नोव्हेंबर 2021 रोजी मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत एका विद्यार्थ्याने चार मुलांना ठार केले. त्याच्या आईवडिलांवर 2024 मध्ये सदोष मनुष्यवधाचे खटले चालले, तेव्हा बंदुकीसोबत आलेले तारेचे कुलूप न फोडलेल्या पाकिटातच सापडल्याचे ज्युरींसमोर आले. दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. अल्पवयीन मूल असलेल्या घरांत बंदूक कुलूपबंद ठेवण्याचा मिशिगनचा कायदा त्याच वर्षी फेब्रुवारीत अमलात आला.

सेकंदांचा तिढा यंत्राने सोडवावा, ही आशा वेसन यांच्या पिळायच्या मुठीपासून चालत आली आहे. तिचा ताजा अवतार म्हणजे बोटाच्या ठशाने उघडणारी उशाजवळची पेटी. अंधारात आकडे जुळवायला नकोत, चष्मा नको, किल्ली शोधायला नको. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने अशा सुमारे 61 हजार पेट्या परत मागवल्या. मालकाच्या बोटाचा ठसा नीट नोंदवलेला नसेल, तर त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या, आणि एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूवरून दावा दाखल झाला होता. बदली पेटी येईपर्यंत मालकांनी काय करावे, याच्या सूचना आयोगाने दिल्या: ठशाचा वापर ताबडतोब बंद करा, बॅटऱ्या काढून टाका, आणि पेटी फक्त किल्लीने उघडा.