एल्डरबेरी: दावे आणि रीत

युरोपात कुंपणांवर नि शेतांच्या बांधांवर वाढणाऱ्या एल्डरला तिथल्या लोकांनी शतकानुशतके घरचे औषध मानले. १६३१ मध्ये लाइपझिगला वैद्य मार्टिन ब्लॉकविट्झ यांचा लॅटिन ग्रंथ निघाला, तो सबंध या एकाच झाडावर. साल, पान, फूल, फळ यांपासून नाना रोगांवरचे उपाय त्यात आहेत. आज एल्डरबेरीची सिरपे विकताना याच परंपरेचा हवाला दिला जातो. पण या वारशाचे खरे मोल त्यातल्या दाव्यांत नाही, करण्याच्या रीतीत आहे. जर्मनी-ऑस्ट्रियात पूर्ण पिकलेली काळी फळे देठांवरून सोडवून शिजवतात, मगच त्यांचा रस किंवा जॅम होतो; डेन्मार्कमध्ये सफरचंद घालून गरम सूप करतात. पाने, देठ, हिरवी फळे आणि बिया यांत सायनाइड सोडणारी संयुगे असतात आणि शिजवल्याने ती बरीच कमी होतात, हे रसायनशास्त्राने फार नंतर सांगितले. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात रानटी एल्डरची फळे पानाफांद्यांसकट चिरडून काढलेला कच्चा रस एका मेळाव्यात वाटला गेला. अकरा जणांना मळमळ-उलट्या सुरू झाल्या, आठ जणांना रुग्णालयात हलवावे लागले.

शिजवल्याने पोषण जाते, असा आक्षेप येईल. शंभर ग्रॅम कच्च्या फळांत सुमारे ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ७ ग्रॅम तंतू असतात. त्यांतले क जीवनसत्त्व उष्णतेने घटते, हे खरे. पण ते संत्र्या-पेरूतून बिनधोक मिळते. त्यासाठी विषाची जोखीम कशाला? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परंपरेची रीत मानायची आणि तिचे दावे मात्र नाकारायचे, हा दुटप्पीपणा नव्हे का? नव्हे, कारण दोन्हींची पारख सारखी झालेली नाही. रीत चुकली तर त्याच दिवशी पोट सांगते. सर्दी मात्र आठवड्याभरात आपणहून जाते आणि श्रेय काढ्याला मिळते. म्हणून दाव्यांना स्वतंत्र चाचणी लागते. १९९५ मध्ये इस्रायलमधल्या आणि २००४ मध्ये नॉर्वेतल्या लहान चाचण्यांत फ्लू लवकर बरा झाल्याचे दिसले. २०२० च्या अमेरिकन चाचणीत तसा लाभ आढळला नाही. तेव्हा फ्लूवरचा गुण अजून सिद्ध व्हायचा आहे, असेच म्हणावे लागते. फळ निवडून, शिजवूनच खावे, हा नियम मात्र आजही जसाच्या तसा पाळावा.