फेअरिंगच्या आतली गोष्ट

मागच्या महिन्यात वळणावरच्या वाळूत मुलाची आर१५ घसरली. अल्लाहच्या कृपेने गुडघ्याच्या चार टाक्यांवर निभावलं. "गाडीला गार्ड लावा, मगच चावी मिळेल," असं त्याच्या अम्मीने बजावलं. म्हणून रविवारी आम्ही बापलेक अंगणात फेअरिंग उतरवायला बसलो.

फेअरिंग दिसते चिलखतासारखी, पण ती संरक्षणासाठी जन्मलेलीच नाही. शर्यतीत वारा कापायला ती आली. इटलीच्या मोटो गुझीने १९५० मध्ये स्वतःचा वायुबोगदा बांधला. पुढचं चाकही झाकणाऱ्या 'डस्टबिन' फेअरिंगने वेग वाढला, पण आडव्या वाऱ्यात गाडी हेलकावे खाई. अखेर १९५७ च्या हंगामानंतर जागतिक शर्यतींत तिच्यावर बंदी आली. १९७६ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर१००आरएसने पूर्ण फेअरिंग रोजच्या रस्त्यावर आणली. आपल्याकडे २००८ मध्ये आर१५ ने ती कॉलेजच्या पोरांपर्यंत पोहोचवली.

बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे होते. पुठ्ठ्यावर गाडीची आकृती काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचला. प्लास्टिकचे कान जोर लावला की तुटतात, म्हणून सबुरीने घेतलं. इंजिनखाली लाकूड ठेवून जॅकचा आधार दिला आणि एका वेळी एकच माउंटिंग बोल्ट काढून स्लायडर बसवले.

"अब्बा, आता पडलो तरी हरकत नाही ना?" मुलाने विचारलं.

"बेटा, हा तुकडा इंजिन वाचवेल. तुला वाचवेल ते हेल्मेट, आणि वळणाआधी कमी केलेला वेग."

चावी अजून अम्मीकडेच आहे.