एका रस्त्याची नोंद कोण ठेवतं?

मागच्या व्याख्यानात आपण डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशापाशी थांबलो होतो. तेवीस खंड, वर्गणीदार मिळवण्यासाठी केलेली पायपीट आणि एका माणसाची जिद्द. आज त्याच विषयाचं दुसरं टोक पाहू. ज्या कोशाला मुख्य संपादक नाही, खंड नाहीत आणि शेवटचं पानही नाही, अशा विकिपीडियातला एकच लेख घेऊ. तो आहे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा.

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्यांनी रस्त्यावर बोलावं, ही काहींना घसरण वाटेल. वाटू द्या. आम्ही चार-पाच निवृत्त माणसं काही वर्षं या लेखाची देखभाल करणाऱ्यांमध्ये आहोत. 'आमचा लेख' असं मुद्दाम म्हणत नाही. तो आमचा नाहीच. आम्ही जे लिहितो ते त्याच क्षणी सर्वांचं होतं, आणि पुढच्या क्षणी कोणीही ते खोडू शकतो. ज्याने आयुष्यभर प्रबंधांवर लाल शाई चालवली, त्याला हे पचवायला वेळ लागतो.

आधी थोडा इतिहास. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने वाचणाऱ्यालाच बदलता येईल असं संकेतस्थळ तयार केलं. नाव शोधताना त्याला होनोलुलूच्या विमानतळावरची बस आठवली, 'विकी विकी' नावाची. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे चटकन, झरझर. म्हणजे बघा, विकी या शब्दाचं मराठी करायचं तर 'द्रुत' असंच करावं लागेल, आणि तो शब्द आला तोही एका बसवरून! आमच्या लेखाला यापेक्षा चांगला शकुन कुठला?

विकिपीडिया जानेवारी २००१मध्ये सुरू झाला. त्याच्या दोन संस्थापकांपैकी लॅरी सँगर हे आमच्याच विषयाचे, तत्त्वज्ञानाचे डॉक्टर. प्रबंध ज्ञानमीमांसेवर. मराठी आवृत्तीचा आरंभ १ मे २००३ हा मानतात, महाराष्ट्र दिनाचा. आणि द्रुतगती मार्ग? त्याचे पहिले टप्पे २०००मध्ये वाहतुकीला खुले झाले आणि २००२मध्ये तो पूर्ण झाला. रस्ता आणि कोश जवळजवळ एकाच वयाचे आहेत. उलट आपल्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ला आला आणि विसावा २०१५ला. तेवढ्यात हा रस्ता सुचला, आखला गेला, बांधला गेला आणि त्याच्या टोलवर दहा-बारा वर्षं भांडणंही होऊन गेली. विश्वकोशाला नावं ठेवण्यासाठी हे सांगत नाही. तर्कतीर्थांच्या त्या कामापुढे आम्ही हात जोडतो. पण छापील खंड आणि चालता रस्ता यांची गती जुळत नाही, हे खरंच आहे.

आता लेखाचं पहिलं वाक्य घ्या. सोपं असायला हवं ना? अमुक रस्ता अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी जातो. पण हा मुंबई-पुणे मार्ग मुंबईत सुरू होत नाही आणि पुणे शहरात संपत नाही. तो कळंबोलीला सुरू होतो आणि देहूरोडजवळ किवळ्याला संपतो. लांबी ९४.५ किलोमीटर. त्याचं अधिकृत नाव यशवंतराव चव्हाणांचं आहे, मथळ्यांत 'द्रुतगती मार्ग', आणि लोणावळ्याच्या चहाच्या टपरीवर विचाराल तर 'एक्सप्रेस हायवे'. पूर्वीच्या रस्त्याला सगळे 'जुना हायवे' म्हणतात. त्याचा क्रमांकही बदलला, तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग ४ आज ४८ आहे. लेख कुठल्या नावाने ठेवायचा? कोशाची युक्ती अशी की लेख एकाच नावाने ठेवायचा आणि बाकीच्या नावांवरून वाचकाला तिथे आणून सोडायचं. याला पुनर्निर्देशन म्हणतात. पत्ता बदललेल्या माणसाची पत्रं पोस्टमनने नव्या घरी पोचवावीत, तसं.

मग येतो 'पहिला'. भारतातला पहिला एक्सप्रेसवे? लगेच कोणीतरी विचारणार, पहिला कोणत्या अर्थाने? मग वाक्यात एकेक विशेषण चढतं : सहा पदरी, काँक्रीटचा, प्रवेश-नियंत्रित, टोल असलेला. वाचणाऱ्याला हे वाक्य बोजड वाटतं. आम्हाला ते एखाद्या जुन्या तहनाम्यासारखं वाटतं. त्यातला प्रत्येक शब्द कुठल्या तरी संभाव्य आक्षेपाला दिलेलं उत्तर असतो.

आमची स्वतःची फजिती सांगतो. आमच्यापैकी एकाने २००० साली खुल्या झालेल्या टप्प्यावरून गाडी नेली होती. त्याने अगदी आत्मविश्वासाने लिहिलं, 'हा मार्ग २००० साली सुरू झाला.' दुसऱ्याने ते उलटवून २००२ केलं. पहिल्याने परत २०००. दोघंही रोज सकाळी एकाच टेबलाशी चहा पिणारे! पानाच्या 'इतिहास' विभागात ही सगळी मारामारी तारखेसह, वेळेसह नोंदलेली आहे. ती आम्हाला पुसता येत नाही. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनहून अधिक वेळा दुसऱ्याचं लेखन उलटवलं तर लिहिण्याची बंदी येऊ शकते. इतकी पाळी आमच्यावर आली नाही, कारण चर्चापानावर एका अनोळखी सदस्याने एवढंच विचारलं : 'सुरू होणं म्हणजे काय?'

चाळीस वर्षं आम्ही वर्गात हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारत आलो होतो. पहिली गाडी गेली म्हणजे सुरू झाला? फीत कापली म्हणजे? की शेवटचा तुकडा जोडला गेला म्हणजे? आता तिथे 'टप्प्याटप्प्याने' असं लिहिलं आहे. तो एक शब्द मिळवायला आम्हाला आठ दिवस लागले.

देखभाल म्हणजे बहुतेक वेळा क्रियापदांची देखभाल, हे आम्हाला पुढे कळलं. बोरघाटात १८३०चा एक दगडी पूल होता. त्यावरच्या बामच्या जाहिरातीमुळे लोकांनी त्याचं नाव अमृतांजन पूल ठेवलं. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीने रस्ता रिकामा असताना, तो स्फोटकांनी पाडला. जवळजवळ एकशे नव्वद वर्षं जो 'आहे' होता, तो एका दिवसात 'होता' झाला. लेखात चार ठिकाणी 'आहे' बदलावं लागलं. एक जागा राहून गेली आणि कित्येक आठवडे तो पाडलेला पूल लेखात उभा होता.

टोलचंही तसंच. दर तीन वर्षांनी तो वाढत आला. १ एप्रिल २०२३ला मोटारीचा टोल २७० रुपयांवरून ३२० झाला. म्हणजे ३१ मार्चला रात्री निजताना जे वाक्य खरं होतं, ते सकाळी उठेपर्यंत खोटं. म्हणून आम्ही एक शिस्त लावून घेतली : 'सध्या' हा शब्द लिहायचा नाही. 'सध्या' म्हणजे कधी? लिहिणाऱ्याचं सध्या की वाचणाऱ्याचं? तारीख लिहावी म्हणजे वाक्य जुनं होतं, पण खोटं होत नाही. भविष्यकाळाचं तर विचारूच नका. खोपोली ते कुसगाव या १३.३ किलोमीटरच्या 'मिसिंग लिंक'चं काम चालू असताना ते पुरं होण्याची तारीख अनेकदा पुढे गेली. 'अमुक महिन्यात पूर्ण होईल' हे वाक्य तो महिना उलटून गेल्यावरही लेखात तसंच बसून राहतं, लग्न मोडल्यावर राहिलेल्या मांडवासारखं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. न्यायदर्शनाने चार प्रमाणं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यात प्रत्यक्ष हे ज्येष्ठ. बाकीची या ना त्या वाटेने त्याच्या आधाराला येतात. या कोशाने मात्र उतरंड उलटी केली. इथे शब्दाला मान आहे आणि प्रत्यक्षाला दाराबाहेर चप्पल काढून उभं राहावं लागतं. तुम्ही स्वतः मोजलं असेल, डोळ्यांनी पाहिलं असेल, ते चालणार नाही. दुसऱ्या कोणी विश्वसनीय ठिकाणी छापलेलं दाखवा. नसेल तर वाक्यामागे 'संदर्भ हवा' अशी खूण लागते.

प्रथम आम्हाला हा अपमान वाटला. मग लक्षात आलं की नैयायिकांनाही कुणाचाही शब्द चालत नाही. आप्ताचा लागतो, म्हणजे जो जाणतो आणि जाणतो ते खरं सांगू इच्छितो त्याचा. आणि या कोशात लिहिणारा कोण आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. तो निवृत्त प्राध्यापक असेल, शाळकरी पोरगा असेल, नाहीतर टोल-ठेकेदाराचा मेहुणा असेल. (हशा) इथे लिहिणारा कोणीही आप्त नाही. म्हणून प्रत्येकाने आप्ताकडे बोट दाखवायचं आणि बाजूला व्हायचं. हे आम्हाला पटलं. आजही पटतं. पण त्याची किंमत कोण मोजतो, ते ऐका.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका व्याख्यानानंतर मावळातले एक गृहस्थ भेटले. साठीचे असतील. म्हणाले, ''सर, तुमच्या लेखात बोगदे आहेत, पूल आहेत, टोल आहे. आमचं गाव नाही. आमची भाताची जमीन त्या रस्त्याखाली गेली.'' आम्ही सांगितलं, लिहू, पण कुठे छापून आलं आहे का? ते आमच्याकडे पाहत राहिले. म्हणाले, ''जमीन आमची गेली, आणि पुरावाही आम्हीच द्यायचा?''

आम्हाला उत्तर सुचलं नाही.

घरी येऊन शोधायला बसलो. हा रस्ता झाला तो नव्वदच्या दशकाचा शेवट आणि २००० नंतरची दोन-तीन वर्षं. त्या काळात मराठी वर्तमानपत्रं नुकतीच संगणकावर आली होती आणि युनिकोड रुळलं नव्हतं. ज्याचा त्याचा फाँट वेगळा. ती जुनी पानं आज उघडली तर अक्षरांऐवजी खिचडी दिसते. शोधायंत्राला ती वाचताच येत नाहीत. इंग्रजी बातम्या मात्र सुखरूप आहेत, एका क्षणात सापडतात. परिणाम काय? पनवेल, खालापूर, मावळच्या रस्त्यावरचा मराठी लेख इंग्रजी संदर्भांवर उभा राहतो. त्यात प्रकल्पाची किंमत असते, काँक्रीटचे पदर असतात. जिल्ह्याच्या पानावर त्या वेळी मराठीत जे छापलं गेलं, ते नसतं. कोणी ठरवून वगळलं नाही. तो फाँटचा दोष. पण वगळलं गेलं ते गेलंच.

तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त वकिलांना एक गोष्ट आठवली. १८९४च्या जुन्या भूसंपादन कायद्यात १९८४ला दुरुस्ती झाली होती. त्यानंतर सरकारला जमीन घ्यायची तर पहिली अधिसूचना राजपत्राबरोबर त्या भागात चालणाऱ्या दोन दैनिकांतही छापावी लागे, आणि त्यातलं किमान एक दैनिक तिथल्या भाषेतलं असावं लागे. म्हणजे पुरावा मराठीत छापला गेला असणार, आणि छापायला लावलं होतं कायद्यानेच! तो संगणकावर नाही, एवढंच. आणि कोशाचा नियम असा मुळीच नाही की संदर्भ जालावरचाच हवा. छापील अंक, तारीख, पान सांगितलं की पुरे. हे आम्ही प्राध्यापक असून विसरलो होतो.

मग ग्रंथालय. बांधीव फायली, धूळ, शिंका. नोटिशींची पानं म्हणजे मुंगीएवढी अक्षरं. आमच्यापैकी दोघांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणून वाचन त्यांच्याकडे दिलं, त्यांची नजर आमच्यापेक्षा बरी. चौथ्या दिवशी सापडलं : तालुका मावळ, गावाचं नाव, गट क्रमांकांची यादी, हेक्टर आणि आर. त्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी पलीकडून गट क्रमांक पाठ म्हणून दाखवला. यादीत तो होता.

अशी नोटीस हा प्राथमिक पुरावा. त्यावरून अनुमान काढायचं नाही, जेवढं छापलं आहे तेवढंच सांगायचं, असा संकेत आहे. आम्ही एक वाक्य लिहिलं. कोणाचं नाव नाही, गट क्रमांक नाही. या मार्गासाठी मावळ तालुक्यातल्या या गावातली शेतजमीन सरकारने घेतली, इतकंच. खाली वर्तमानपत्राची तारीख आणि पान.

पंधरा दिवसांनी एका अनोळखी सदस्याने ते सुधारलं. संदर्भ ठेवला, गावाचं नाव ठेवलं, नोटिशीतलं क्षेत्रफळ घातलं, आणि 'घेतली'च्या जागी 'संपादित केली' असं केलं. कारण लिहिलं : तटस्थ भाषा. त्याचं चूक म्हणता येणार नाही, कायद्याचा शब्द तोच आहे. आम्ही ते त्या गृहस्थांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ''संपादित ही तुमची भाषा झाली, सर. आमच्याकडे जमीन गेली असंच म्हणतात.''

'घेतली', 'संपादित केली', 'गेली'. हे तिन्ही शब्द आम्ही चर्चापानावर मांडले आहेत, प्रत्येकाची बाजू सांगून. आतापर्यंत सहा जणांनी मत दिलं आहे. त्यातले तिघं कोण आहेत, आम्हाला माहीत नाही. चर्चा अजून बंद झालेली नाही.