आघात आणि उपशम

दुखऱ्या जागी आणखी दुखवावे, म्हणजे मूळचे दुखणे जाईल, ही कल्पना वरवर पाहणाऱ्यास विपरीत वाटते. तथापि वैद्यकाच्या इतिहासात इतकी जुनी आणि इतकी चिवट कल्पना क्वचितच आढळेल. तापलेल्या सळईचा डाग आणि बिब्ब्याचा चटका हे आपल्याकडील तिचे परिचित अवतार होत. आज भौतिकोपचाराच्या दालनांतून टाच, कोपर व खांदा यांच्या जुनाट दुखण्यांवर आघात-तरंगांचा जो उपचार देतात, तोही पाहता पाहता त्याच कुळात येऊन बसला आहे. लोक त्याला 'शॉकवेव्ह' म्हणतात आणि नावावरून विजेचा झटका बसत असावा अशी पुष्कळांची समजूत होते. वस्तुतः हा झटका विजेचा नसून दाबाचा असतो. तो कोठून आला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा तो कोणत्या आधारावर, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जर्मनीत सापडते. परंतु दुसऱ्याकडे वळण्यास पनवेलसारखे सोयीचे गाव नाही.

पनवेल हे मुळात खाडीवरचे बंदर आणि घाटाखालची पेठ. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, आणि मुंबईहून पुण्यास जाणारा माणूस व माल पडावाने पनवेलला उतरून पुढे घाट चढू लागला. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. या वाहतुकीमुळे गावात एक धंदा विशेष भरभराटला. तो म्हणजे बैलगाड्यांची चाके करण्याचा. पनवेलच्या चाकांची कीर्ती किनाऱ्यापासून देशावर सर्वत्र पसरली होती. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि घाटवाटेचे जुने महत्त्व ओसरले, तरी चाकांचे नाव पुढे बराच काळ टिकून राहिले.

आता चाक करणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. दिवसभर वाकसाने लाकूड तासावयाचे, आरे ठोकावयाचे, लोखंडी धाव तापवून चढवावयाची. अशा कारागिराचे कोपर, बंदरावर पोती वाहणाऱ्या हमालाचा खांदा, भाताच्या खाचरात जन्म काढणाऱ्या बाईची कंबर आणि बांधावरून अनवाणी चालणाऱ्या कुळाची टाच ही कधी ना कधी दुखणारच. इतिहासकार लढायांचे जखमी मोजतात. पण ज्या दुखण्याने माणूस मरत नाही, फक्त त्याची मजुरी बुडते, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. आघात-तरंगांची खरी पूर्वपीठिका या नोंद न झालेल्या दुखण्यांत आहे.

त्यांवर उपाय काय होत असत? प्रथम घरचे: निर्गुडीच्या पाल्याचा शेक, विटकरीचा शेक, एरंडाची पाने, तेलाचे मर्दन. त्याने भागले नाही म्हणजे बिब्बा. बिब्ब्याचे तेल कातडीवर फोड उठविते, प्रसंगी अंगभर उतते. म्हणूनच चालत्या कामात 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला असावा. त्याच्याही पुढची पायरी डागाची. हा डाग म्हणजे निव्वळ अडाण्यांचा खेळ असे समजण्याचे कारण नाही. सुश्रुताने सूत्रस्थानात अग्निकर्मास स्वतंत्र अध्याय दिला असून त्वचा, मांस, शिरा, स्नायू, सांधे व हाडे यांतील उग्र वेदनेवर ते सांगितले आहे. पाऊल वेडेवाकडे पडल्याने घोट्याच्या आश्रयाने जडणाऱ्या वेदनेस आपले ग्रंथकार 'वातकंटक' म्हणतात, आणि तिच्यावर रक्त काढणे, एरंडेल पिणे किंवा सुईने डागणे असे उपाय त्यांनी लिहून ठेवले आहेत. टाच दुखते म्हणून तेथे बारकासा दाह करावा, ही सूचना ज्याने लिहिली, त्याला आजचे यंत्र पाहून फारसे नवल वाटले नसते.

या परंपरेला पनवेलात १८७२ साली एक वेगळे वळण लागले. त्या वर्षी वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला आणि त्यास 'श्री धूतपापेश्वर' हे दैवताचे नाव दिले. राजापूरजवळ या नावाचे शंकराचे स्थान प्रसिद्ध आहे. मौज अशी की, 'धूत' या संस्कृत शब्दाचा अर्थ 'झटकून टाकलेला' असा आहे. पाप झटकावे तसा रोग झटकावा, हा भाव नावातच आला. परंतु नावापेक्षा घटना मोठी होती. तोवर काढा, तेल वा गुटिका वैद्य स्वतः सिद्ध करी आणि रोगी त्या वैद्याला ओळखत असे. कारखान्यातून निघालेली बाटली वैद्याची ओळख नसलेल्या गावी जाऊन पोहोचली. विश्वास माणसावरून छापावर सरकला. ही सोय मोठी खरीच; पण तिच्याबरोबर एक अडचणीचा प्रश्नही आला. ज्या औषधामागचा माणूस आपण पाहिला नाही, त्याचा गुण आपण कशावरून ठरवावा? हाच प्रश्न पुढे यंत्राच्या बाबतीत अधिक तीव्रतेने उपस्थित झाला.

यंत्राचा जन्म वैद्यकाच्या हेतूने झाला नाही. जर्मनीतील डॉर्निए या विमाने बांधणाऱ्या कंपनीत, अतिवेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळून पत्र्यास खळगे का पडतात, याचा शोध चालू होता. १९६६ साली प्रयोगाच्या वेळी एका अभियंत्याचा हात नेमका आघाताच्या क्षणी लक्ष्याला लागला आणि विजेचा धक्का बसावा तसे त्याला जाणवले, असे सांगतात. मोजून पाहता विजेचा मागमूस नव्हता. शरीरातून एक दाबाचा तरंग गेला होता. कातडीला इजा न करता आत खोलवर घाव घालणारी ही शक्ती वैद्यांनी हेरली, आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्यूनिक येथे एका रुग्णाचा मूतखडा शस्त्राविना, केवळ अशा तरंगांनी फोडण्यात आला.

मूतखडे फोडताना तरंग जवळच्या हाडांतूनही जात. त्याने हाडास अपाय तर होत नाही ना, हे तपासता उलट हाडाच्या वाढीस चालना मिळाल्याची चिन्हे दिसली. १९९१ साली व्हाल्चानोव्ह व मिहायलोव्ह या बल्गेरियन वैद्यांनी, न सांधणाऱ्या अस्थिभंगांवर हा उपाय केल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तेथून तो खांद्यातील चुन्याच्या साक्यावर, टेनिस खेळणाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोपराच्या दुखण्यावर आणि टाचेवर आला. २००० साली अमेरिकन सरकारच्या औषध-नियंत्रक खात्याने टाचेच्या दुखण्यासाठी अशा यंत्रास मान्यता दिली.

या प्रवासात उपचाराची उपपत्ती मात्र पार बदलली. मूतखड्यावर तरंग घणासारखा पडतो; फोडणे हेच त्याचे काम. कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीत, फोडण्याजोगे बहुधा काहीच नसते. म्हणून आता असे सांगतात की, जुनाट दुखण्यात शरीराने त्या जागेची डागडुजी जणू सोडून दिलेली असते. तरंगाच्या आघाताने तेथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि दुरुस्ती पुन्हा सुरू होते. तैवानमध्ये सशांच्या घोटशिरेवर केलेल्या प्रयोगांत अशा नव्या रक्तवाहिन्या दिसून आल्या आहेत. भाषा बदलली, पण थोड्या इजेने बऱ्या होण्याच्या शक्तीस जागे करावे, हा विचार डागाच्या विचाराहून फार दूर नाही.

आणखी एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. खरा आघात-तरंग काही अब्जांश सेकंदांत उसळून शरीराच्या आत एका ठिकाणी केंद्रित होतो. पुष्कळ दालनांत असते ते यंत्र निराळे: नळीतला छर्रा दाबलेल्या हवेने टोकावर आपटतो, आणि तो दाब कातडीपासून आत पसरत व मंदावत जातो. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने त्यास आघात-तरंग म्हणणे बरोबर नाही, हे २००७ साली मोजमापाने दाखविण्यात आले आहे. दोन्हींस नाव मात्र एकच चालते.

आता विश्वासाचा प्रश्न. येथे दोनशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट उपयोगी पडेल. अमेरिकेतील एलिशा पर्किन्स नावाच्या वैद्याने १७९६ साली धातूच्या दोन टोकदार कांड्यांचे पेटंट घेतले. त्या दुखऱ्या जागेवरून फिरविल्या की वेदना जाते, असा त्याचा दावा होता. कांड्या इंग्लंडातही खपू लागल्या. बाथ येथील डॉ. जॉन हेगार्थ यांनी १७९९ साली लाकडाच्या कांड्या रंगवून हुबेहूब तशाच केल्या आणि संधिवाताच्या पाच रोग्यांवर फिरविल्या. चौघांना आराम वाटला! दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या वापरल्या, परिणाम तोच. रोगी खोटे बोलत नव्हते. त्यांना आराम खरोखरच वाटला होता. फक्त तो धातूचा नव्हता.

आघात-तरंगांचीही हीच कसोटी झाली आहे. निम्म्या रुग्णांस खरा उपचार आणि निम्म्यांस त्याचा केवळ देखावा, असे करून पाहिले असता २००२ साली मेलबर्न येथील १६६ रुग्णांच्या परीक्षेत टाचदुखीचे दोन्ही गट सारखेच सुधारले. २००३ साली जर्मनीतील २७२ रुग्णांत बारा आठवड्यांनी गुण आलेल्यांचे प्रमाण ३४ व ३० टक्के, म्हणजे जवळजवळ समानच निघाले. उलट त्याच वर्षी खांद्यातील चुन्याच्या साक्यावर १४४ रुग्णांत केलेल्या परीक्षेत खरा उपचार स्पष्टपणे सरस ठरला. आणि २०१५ साली केंद्रित तरंगांच्या सुमारे २५० रुग्णांवरील परीक्षेचा कौल टाचदुखीतही उपचाराच्या बाजूने पडला. मात्र खांद्याच्या कंडरांच्या दुखण्यासंबंधी ३२ परीक्षांचा एकत्र विचार करणाऱ्या २०२० सालच्या समीक्षेने, रुग्णास महत्त्वाचा वाटेल असा लाभ फारच थोडा, असा निर्वाळा दिला.

या परस्परविरोधी साक्षींतून काय घ्यावे? उपचार निव्वळ थोतांड आहे असे म्हणता येत नाही, आणि रामबाण तर मुळीच नव्हे. दुखणे कोणते, यंत्र कोणते, जोर किती, यांवर फळ अवलंबून दिसते. शिवाय टाचदुखी बहुतेकांची वर्षभरात आपोआप ओसरते. त्या काळात जो उपाय चालू असेल त्याच्या पदरी श्रेय पडते. म्हणून ताण देण्याचे व बळ वाढविण्याचे व्यायाम धीराने करून पाहावेत, आणि त्यांनी भागले नाही तरच जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने याचा विचार करावा, हे व्यवहारास धरून आहे. गर्भिणी, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि ज्यांच्या त्या जागी अर्बुद आहे असे रोगी यांनी तर याच्या वाटेस जाऊ नये.

पनवेलच्या सुताराला डाग देणाऱ्यापाशी एक गोष्ट होती: तो सुताराच्या शेजारी राहत असे, आणि गुण आला नाही तर उद्या त्याला तोंड दाखवावे लागे. बाटलीने ते नाते तोडले. यंत्राने तर त्याची आठवणही ठेवली नाही. हेगार्थच्या लाकडी कांडीने त्या तुटलेल्या नात्याची जागा भरून काढण्याचा मार्ग दाखविला. दावा कोणीही करो, सुश्रुताच्या वंशजाने वा म्यूनिकच्या अभियंत्याने, त्याच्यापुढे देखाव्याचे जोडयंत्र उभे करून निकाल पाहावा. ज्याची मजुरी एका टाचेवर उभी आहे, त्याचे श्रमाचे पैसे घेताना एवढे उत्तरदायित्व विद्येने पत्करलेच पाहिजे.