कापसावरची फवारणी : नोझल, वारा आणि विष

फवारणीत औषधाइतकेच नोझलही महत्त्वाचे. कीटकनाशकासाठी पोकळ शंकूसारखा फवारा सोडणारे नोझल वापरतात. त्याचे बारीक थेंब पानांच्या आत पोहोचतात. तणनाशकाला चपटा फवारा बरा, मोठे थेंब वाऱ्याने कमी उडतात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला असतात, त्यामुळे नुसते वरून झाड भिजवून भागत नाही.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्या वर्षी पऱ्हाटी उंच वाढली होती. अशा पिकात नोझल वर धरावे लागते आणि फवारा तोंडावर येतो. त्यात दोन-तीन औषधे एकत्र कालवण्याची सवय!

डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा. हिरवाही निर्धोक नव्हे. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. मळमळ, खूप घाम, अंधुक दिसणे सुरू झाल्यास लगेच काम थांबवावे, कपडे बदलून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचे लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठावा. लेबलवरून डॉक्टरांना विष कोणते ते कळते.