तळटीप १७ : ‘हाउस’
१७. ‘हाउस’ : ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड (जन्म १९६३) यांची १९९३ मधील कलाकृती. पूर्व लंडनमधील ग्रोव्ह रोडवरची घरांची जुनी रांग पाडली गेली, तेव्हा उरलेल्या एका घराच्या आतल्या भिंतींवर काँक्रीट फवारले आणि ते घट्ट झाल्यावर भिंती उतरवल्या. उभी राहिली ती खोल्यांमधली पोकळी. शेकोटीचे कोनाडे फुगवट्यासारखे बाहेर आले. लेखकाचा ‘आत शिरता न येणारे घर’ हा उल्लेख शब्दशः घ्यावा. १९९३ मध्येच व्हाइटरीड यांना टर्नर पारितोषिक मिळाले; तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. दुर्दैवाने स्थानिक कौन्सिलने कलाकृती उभी ठेवण्याची मुदत वाढवली नाही. ११ जानेवारी १९९४ रोजी ‘हाउस’ पाडले गेले.