वाचणारा एक, ऐकणारे दहा

मुलुंड-घाटकोपरहून गाडीने मुंबईत येताना वाटेत परळ लागते. पूर्वीच्या गिरण्या आता तेथे नाहीत. परंतु पदरी पैसा नसताना वृत्तपत्राने वाचक कसा मिळवावा, याचा एक जुना धडा याच वस्तीत घडला.

'दीनबंधु' हे साप्ताहिक कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढले. सत्यशोधक समाज स्थापन होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. पत्र आतबट्ट्याचे ठरले, आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस आणून चालविले. लोखंडे मूळचे ठाण्याचे. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून पुढे ते एका गिरणीत भांडारपाल झाले होते. कामगारांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले होते.

ज्या कामगारांसाठी हे पत्र चालवावयाचे ते बहुतेक निरक्षर. त्यांच्यापुढे जाहिरात लावून काय उपयोग? एकाने वाचावे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकावे, ही त्या काळची सर्रास रीत. म्हणून अशा पत्राचे बळ छापलेल्या प्रतींत मोजता येत नाही. ते माणसे किती जमतात यावर मोजावे लागते. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळला सुपारीबागेत कामगारांच्या सभा भरविल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांची संमती पडली. १८९० साली रविवारची सुटी मिळाली. आपले गाऱ्हाणे छापून येते आणि त्याचे काही फळही मिळते, हे दिसल्यावर कामगाराला पत्राची ओळख वेगळी करून द्यावी लागली नाही.

पुढे तर जाहिरातीचे दारच बंद असल्याचा अनुभव आला. ३१ जानेवारी १९२० रोजी परळहूनच 'मूकनायक' निघाला. डॉ. आंबेडकरांच्या या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. वाचक मात्र सभांतून आणि वस्त्यांतूनच मिळवावे लागले.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपुलकीने छापखान्याचे बिल भागत नाही. 'मूकनायक' थोड्याच वर्षांत बंद पडला. तथापि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' निघाले. नावे बदलत गेली, ऐकणारा समाज उठून गेला नाही.

विकत घेतलेली जाहिरात दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. ज्याचे दुःख आपण छापले, तो मनुष्य मात्र अंक हातात धरून शेजाऱ्याच्या दारी जातो. लोखंडे यांनी हे ओळखले होते: आधी माणसांत जाऊन बसावे, वाचक मागून येतो.